शॉर्ट फिल्म फायनलला गेली आणि आता पब्लिक व्होटिंग आहे? पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी सगळं पायरी पायरीने

मेल येतो, तुमची फिल्म फायनलला निवडली गेलीय, आणि पहिला अर्धा तास टीमच्या ग्रुपवर नुसता गुलाल उधळला जातो. मग कुणीतरी शांतपणे मेलचा खालचा भाग वाचतं. विजेता पब्लिक व्होटिंगने ठरणार, व्होटिंग सोमवारपासून, चौदा दिवस. आणि मग सगळे एकमेकांना विचारायला लागतात की म्हणजे आता नक्की करायचं काय.

कॉलेजात एकांकिका केलेल्यांना लगेच कळेल असं सांगते. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात "आव्वाज कुणाचा" म्हणून कितीही घसा फोडला तरी निकाल परीक्षकच देतात. इथे मात्र खाली बसलेले प्रेक्षकच परीक्षक असतात, आणि ते एका हॉलमध्ये बसलेले नसतात, कुणी एसटीत असतं, कुणी स्वयंपाक करत असतं, कुणी न्यू जर्सीत झोपलेलं असतं, आणि त्या प्रत्येकाने फोन हातात घेऊन लिंक उघडून फिल्म बघून बटण दाबायचं असतं. हे आपोआप होत नाही. आमची नऊ मिनिटांची फिल्म दोन वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत फायनलला होती, ऊसतोड करणाऱ्या आईची आणि तिच्या मुलीच्या दप्तराची गोष्ट, आम्ही सगळे कराड आणि आसपासचे. दुसरे आलो. त्या चौदा दिवसांत जे शिकले ते सगळं इथे लिहिते, कारण आम्हाला तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं.

पायरी १: आधी कळून घ्या की मताने नक्की काय ठरतंय

हे सगळ्यात आधी. पब्लिक व्होट म्हणजे सगळीकडे एकच गोष्ट नसते. यूट्यूबने २०१२ मध्ये जगभरासाठी शॉर्ट फिल्मची मोठी स्पर्धा घेतली होती, हॉलिवूडचे दिग्दर्शक रिडली स्कॉट त्यात होते, पंधरा हजारांच्या वर फिल्म्स आल्या, त्यातून ५० निवडल्या आणि लोकांच्या मतांनी त्यातल्या १० व्हेनिसच्या फेस्टिव्हलपर्यंत गेल्या. पण तिथे विजेता ज्युरीने निवडला, ५ लाख डॉलर नवीन काम करायला मिळाले स्पेनच्या डेव्हिड व्हिक्टोरी याला. म्हणजे तिथे लोकांचं मत हे फक्त गाळणं होतं. रोड या मायक्रोफोन कंपनीच्या माय रोड रील स्पर्धेत ज्युरीची बक्षिसं वेगळी आणि लोकांच्या मताचं पीपल्स चॉइस वेगळं असायचं. आपल्याकडे फिल्मफेअरने २०१७ पासून शॉर्ट फिल्म्सना पुरस्कार सुरू केले त्यातही पीपल्स चॉइस वेगळा ठेवला.

मग तुमच्या स्पर्धेत काय आहे ते नियमात शोधा. पूर्ण निकाल मतांवर आहे, का मतं पन्नास टक्के आणि ज्युरी पन्नास टक्के, का पहिल्या पाचात यायला मतं आणि पुढे ज्युरी? यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्या पाचात येऊन भागत असेल तर जीव तोडून पहिला नंबर गाठायची गरज नाही, ती ताकद ज्युरीसाठी मागवलेलं डिरेक्टरचं टिपण नीट लिहायला वापरा.

नियम वाचताना अजून काय काय बघायचं ते सांगते, यातलं बरंचसं आम्ही व्होटिंग सुरू झाल्यावर वाचलं आणि तो उशीर होता. एका माणसाला एकूण एक मत, का रोज एक? हा फरक जमीन अस्मानाचा आहे. रोज एक असेल तर दोनशे पक्के लोक चौदा दिवसांत २८०० मतं देतात, आणि एकदाच असेल तर दोनशे म्हणजे दोनशेच, मग तुम्हाला नवीन माणसं शोधत राहावं लागतं. मत कशाने मोजतात, ईमेलने, गूगल लॉगिनने, मोबाइलच्या ओटीपीने का नुसतं आयपी (इंटरनेट जोडणीचा नंबर) बघून? परदेशातला नंबर चालतो का? पैसे देऊन जाहिरात करायला परवानगी आहे का? आणि व्होटिंग कधी बंद होणार, कुठल्या घड्याळाने?

ह्या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबा. आयोजक परदेशातले असतील तर "रात्री ११.५९" म्हणजे आपली रात्र नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ असेल तर उन्हाळ्यात ती आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी १२.२९ असते, हिवाळ्यात १.२९, कारण ते घड्याळ एक तास मागे करतात. न्यूयॉर्कची वेळ असेल तर आपली सकाळ, ९.२९ किंवा १०.२९. जीएमटी असेल तर पहाटे ५.२९. तुम्ही आदल्या रात्री बाराला "संपलं एकदाचं" म्हणून झोपलात तर एक अख्खी सकाळ वाया गेली, आणि शेवटच्या सकाळी खूप मतं येतात. भारतीय वेळ काढा आणि टीमच्या ग्रुपच्या वर पिन करून ठेवा.

आणि हक्कांचं कलम. तुमची फिल्म त्यांना दाखवायला देताय, का कायमची देताय? आयोजकांना फिल्म दाखवायचा हक्क देणं ठीक, पण कायमस्वरूपी आणि फक्त त्यांनाच असं लिहिलेलं असेल तर मेल करून विचारा, लाजू नका. दुसरं म्हणजे फिल्म व्होटिंगसाठी सगळ्यांना बघता येईल अशी नेटवर गेली की काही दारं बंद होतात. फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेला (१५ मिनिटांची मर्यादा) आधी इंटरनेटवर आलेली फिल्म चालत नाही, ऑस्करलाही पात्र ठरायच्या आधी नेटवर दाखवलेली चालत नाही. तुमच्या मनात तसलं काही असेल तर व्होटिंग सुरू व्हायच्या आत टीमने बसून ठरवा. आमच्या मनात नव्हतं, आम्हाला लोकांनी बघावी एवढंच हवं होतं.

पायरी २: गाण्याचं तपासा, आजच

फायनलिस्ट झाल्यावर फिल्म बाद व्हायचं सगळ्यात वाईट कारण म्हणजे म्युझिक. फिल्म यूट्यूबवर असेल तर तिथली कंटेंट आयडी नावाची सिस्टीम आवाज ओळखते आणि हक्क असलेली कंपनी क्लेम लावू शकते, त्यात कधी आवाज म्यूट होतो, कधी काही देशांत व्हिडिओच दिसत नाही. विचार करा, व्होटिंगच्या तिसऱ्या दिवशी फिल्म दुबईतल्या लोकांना उघडेनाशी झाली तर?

आपल्या लोकांचा एक नेहमीचा गैरसमज असतो, अभंग आहे म्हणजे फ्री आहे. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, ते तुम्ही बिनधास्त वापरा. पण त्याला विसाव्या शतकात कुणी चाल लावली असेल तर ती चाल त्या संगीतकाराची, आणि कंपनीने केलेलं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि चालीचा हक्क माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि रेकॉर्डिंगचा प्रकाशनानंतर ६० वर्षं, बाहेरच्या देशांत मुदती वेगळ्या. म्हणून गावातल्या भजनी मंडळाला त्यांच्या पारंपरिक चालीत गायला सांगा, मोबाइलला बरा माइक लावून रेकॉर्ड करा, त्यांची लेखी परवानगी घ्या, श्रेयनामावलीत मंडळाचं नाव टाका. आम्ही हेच केलं आणि फिल्मचा सगळ्यात चांगला भाग तोच झाला असं मला आजही वाटतं.

नेटवरून घेतलेलं क्रिएटिव्ह कॉमन्सचं (म्हणजे मालकाने काही अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेलं) संगीत असेल तर लायसन्सची अक्षरं बघा. बीवाय असेल तर नाव द्यावं लागतं. एनसी असेल तर व्यावसायिक वापर नाही, आणि बक्षिसाच्या स्पर्धेत तो वाद निघू शकतो. एनडी असेल तर ते व्हिडिओखाली लावताच येत नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं.

पायरी ३: फिल्मचं पान मोबाइलवर उघडून बघा

तुमचे बहुतेक मतदार फोनवर बघणार आहेत, आवाज बारीक करून, शेजारी टीव्ही चालू असताना. म्हणून सबटायटल पाहिजेतच. मराठी फिल्मला इंग्रजी सबटायटल असले की ऑफिसमधल्या तमिळ मैत्रिणीला पण लिंक पाठवता येते आणि तिचं मत पण तेवढंच मोलाचं. सबटायटल एडिट किंवा एजीसब ही फुकटची सॉफ्टवेअर आहेत, त्यात एसआरटी म्हणजे सबटायटलची फाइल करता येते. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, त्याच्या पुढे गेलात तर लोक वाचत बसतात आणि नटाचा चेहरा बघायचा राहतो. देवनागरी सबटायटल करत असाल तर फाइल यूटीएफ ८ मध्ये सेव्ह करा नाहीतर सगळे चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात.

थंबनेल १२८० बाय ७२० मध्ये, एक चेहरा, एक भाव, नाव मोठ्या अक्षरात. पोस्टरच छोटं करून टाकू नका, त्यावरची पंधरा नावं फोनवर मुंग्यांसारखी दिसतात. माहितीच्या जागेत दोन ओळीत गोष्ट सांगा आणि मग मत कसं द्यायचं ते.

फायनलनंतर फिल्मची फाइल बदलू देत नाहीत बहुतेक ठिकाणी, पण सबटायटल आणि थंबनेल बदलू देतात, विचारून बघा.

पायरी ४: स्वतः मत देऊन बघा, पाच वेगवेगळ्या फोनवर

ही पायरी कुणी करत नाही आणि इथेच मतं सांडतात. आमचे पहिल्या तीन दिवसांत यूट्यूबवर ३८० लाइक झाले आणि स्पर्धेच्या पानावर मतं होती ६२. लोकांनी मनापासून लाइक केलं होतं, खाली "व्होट दिलं, ऑल द बेस्ट" असं लिहिलं पण होतं, पण मत यूट्यूबवर द्यायचं नव्हतंच, ते स्पर्धेच्या साइटवर द्यायचं होतं! तीनशेपेक्षा जास्त माणसं आपल्या बाजूने होती आणि मोजली गेली नाहीत. त्या दिवसापासून आम्ही यूट्यूबची लिंक पाठवणंच बंद केलं, फक्त स्पर्धेच्या पानाची लिंक, कारण फिल्म तिथेही दिसत होतीच.

तेव्हा तुमच्या आईचा फोन घ्या, बाबांचा घ्या, एक जुना स्वस्तातला ॲन्ड्रॉइड, एक आयफोन, एक लॅपटॉप. प्रत्येकावर पहिल्यापासून मत द्या आणि प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढा. कुठे अडतं ते कळेल. आम्हाला सापडलेल्या अडचणी सांगते.

इन्स्टाग्रामवरून लिंक उघडली की ती इन्स्टाग्रामच्या आतच उघडते आणि तिथे गूगल लॉगिन होत नाही, गूगलनेच सुरक्षेसाठी ते बंद ठेवलंय. माणसाला वाटतं साइट बंद आहे. उपाय सोपा, कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जाऊन "क्रोममध्ये उघडा" करायचं, पण हे सांगावं लागतं. ओटीपी असेल तर गावाकडे रेंज नसल्यावर तो पाच मिनिटांनी येतो आणि तोवर वेळ संपते, म्हणून दुसऱ्यांदा मागवा हेही सांगावं लागतं. ईमेलने खात्री करून घेत असतील तर तो मेल प्रमोशन्स किंवा स्पॅममध्ये जातो आणि त्यातली लिंक दाबल्याशिवाय मत धरत नाहीत. आणि मत आयपीवर मोजत असतील तर कॉलेजच्या एका वायफायवर चाळीस जणांनी दिलेली मतं एकच धरली जाऊ शकतात, किंवा सगळीच संशयास्पद म्हणून उडवली जाऊ शकतात. सगळ्यांना वायफाय बंद करून आपापल्या डेटावर द्यायला सांगा. डेटावरही एका कंपनीच्या बऱ्याच ग्राहकांचा आयपी एकच दिसू शकतो, म्हणून तसा नियम असेल तर आयोजकांना आधीच मेल टाकून विचारा की हे कसं धरता.

हे सगळं झालं की तुमच्या स्क्रीनशॉटवरून चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ करा, बोट कुठे लावायचं ते दाखवणारा, मागे मराठीत आवाज. आमचा हा व्हिडिओ फिल्मच्या ट्रेलरपेक्षा जास्त कामाला आला.

पायरी ५: यादी करा, आणि माणसं वाटून घ्या

ग्रुपवर लिंक टाकली की काम झालं असं वाटतं. नाही होत. शंभर जणांच्या ग्रुपवर टाकलेली लिंक म्हणजे कुणालाच न सांगितलेली लिंक, प्रत्येकाला वाटतं बाकीचे देतील. एकेकाला नावाने सांगितलेलं लोक करतात. लग्नाची पत्रिका जशी आपण हातात नेऊन देतो, अक्षता देऊन बोलावतो, आणि ग्रुपवर टाकलेली पत्रिका बघून कुणी येत नाही, तसंच आहे हे.

आम्ही नऊ जण होतो. प्रत्येकाने फोनमधले सगळे नंबर खालपासून वरपर्यंत बघून साठ नावं काढली, जी आपल्यासाठी पाच मिनिटं देतील अशी. एक शीट केली, नाव, कोण सांगणार, सांगितलं का, मत दिलं का, काय अडचण आली. एकाच मावशीला चार जणांचे फोन गेले की मावशी वैतागते, म्हणून नावं वाटून घेणं गरजेचं.

फिल्ममध्ये ज्यांनी थोडीशी जरी मदत केली त्यांना विसरू नका. ज्यांच्या घरात शूट केलं ते, ज्यांनी बैलगाडी दिली ते, शाळेचे मुख्याध्यापक, डबा देणाऱ्या काकू, एडिटिंगसाठी रात्री लॅपटॉप देणारा मित्र. ही फिल्म त्यांचीही आहे आणि ते मनापासून पुढे सांगतात. आमची सगळ्यात जास्त मतं ज्या वाडीवर शूट केलं तिथून आली, तिथल्या एका आजींचा फिल्ममध्ये फक्त पाठमोरा शॉट आहे, पण त्यांनी नातवाला घेऊन घरोघरी फोन दाखवला.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच मेसेज पोचतो, हे लक्षात ठेवा. फॉरवर्ड एका वेळी पाचच चॅटना होतं आणि वर "फॉरवर्डेड" असं दिसतं, त्यामुळे शक्यतो नवीन टाइप करून किंवा कॉपी पेस्ट करून पाठवा.

पायरी ६: काय लिहायचं, कसं बोलायचं

वयाने मोठ्या माणसांना आधी व्हॉइस नोट, मग लिंक. आता सगळ्यांना सांगितलंय ना की अनोळखी लिंक दाबू नका, फसवणूक होते, आणि ते बरोबरच आहे. आपला आवाज ऐकला की त्यांना खात्री पटते. आणि छोटी केलेली, अक्षरांचा अर्थ न लागणारी लिंक पाठवू नका, साइटचं नाव दिसेल अशी पूर्ण लिंक पाठवा, आणि लिंक टाकल्यावर खाली चित्र येईपर्यंत दोन सेकंद थांबून मग सेंड करा.

आत्याला मी काय बोलले ते जवळपास तसंच लिहिते:

"आत्या, मी बोलतेय. आम्ही सगळ्या पोरापोरींनी मिळून एक नऊ मिनिटांची फिल्म केलीय, ऊसतोडीवरची, ती फायनलला आलीय. खाली लिंक पाठवते, जेवणं झाल्यावर निवांत बघा. आवडली तर खालचं निळं बटण दाबा, तुमच्या फोनवर एक नंबर येईल तो तिथेच टाका, मला किंवा कुणालाच सांगू नका. अडलं तर मला फोन करा, मी जागीच आहे."

सरांना वेगळं: "सर नमस्कार, आपल्या शाळेतल्या मागच्या वर्गात शूट केलेली फिल्म अंतिम फेरीत आहे. आपण बघावी अशी मनापासून इच्छा आहे. बघून काय वाटलं ते नक्की कळवा. योग्य वाटल्यास मत द्यावं, पद्धत खाली लिहिली आहे." मित्राला अर्थात दोन ओळी पुरतात, "भावा नऊ मिनिटं दे, बघ, मग व्होट कर, झालं की स्क्रीनशॉट टाक."

तिन्हीत एक गोष्ट सारखी आहे, आधी बघा म्हटलंय. यावर माझं ठाम मत आहे. "न बघता नुसतं व्होट करा" असं सांगू नका. मॅनहॅटन शॉर्ट म्हणून १९९८ पासूनचा एक फेस्टिव्हल आहे, त्यात जगभरच्या थिएटरांमध्ये लोक अंतिम फेरीच्या दहाच्या दहा फिल्म्स बघतात आणि मग हातातल्या कार्डावर एकीला मत देतात. ऑनलाइनमध्ये तसं होत नाही, लोक आपल्याच माणसाची बघतात. पण निदान तेवढी तरी बघू देत. ज्याने बघितली तो दुसऱ्याला गोष्ट सांगतो, आणि ज्याने नुसतं बटण दाबलं तो दोन मिनिटांत विसरतो. फिल्म केली ती कुणीतरी बघावी म्हणूनच ना.

ओटीपीचं परत सांगते. कुणाचाही ओटीपी फोनवर विचारून आपण मत टाकायचं नाही. वेळ वाचतो असं वाटेल, आमच्यातल्या एकाला वाटलं होतं. पण ज्या काकांना आज आपण ओटीपी सांगायची सवय लावली ते उद्या बँकेचा कुणाला तरी सांगतील. कुणी तुमच्या स्पर्धेच्या नावाने खोटी लिंक फिरवून पैसे काढले असं कळलं तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करायला सांगा आणि आयोजकांना कळवा.

पायरी ७: चौदा दिवसांचं गणित

पहिले दोन दिवस घरचे, जवळचे, टीम. हे आपोआप येतं. मग चौथ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत मतं थांबल्यासारखी वाटतात, दिवसाला दहा पंधरा, आणि टीम खचते, एकमेकांवर चिडचिड सुरू होते. हे सगळ्यांचंच होतं, समोरच्या टीमचं पण. ह्या मधल्या दिवसांत नवीन काहीतरी द्या, तीच लिंक परत परत टाकू नका. भजनी मंडळ रेकॉर्डिंग करतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ, शूटच्या दिवशी पाऊस आला तो फोटो, ज्या मुलीने काम केलं तिचे दोन शब्द (मूल लहान असेल तर आईवडिलांना विचारूनच, आणि शाळेचं नाव पत्ता काही न दाखवता).

संध्याकाळी साडेआठ ते दहा ही वेळ आम्हाला सगळ्यात चांगली गेली. सकाळी पाठवलेलं शुभ सकाळच्या फुलांखाली गाडलं जातं. व्होटिंग गणपतीत आलं असेल तर मंडळात आरतीनंतर दोन मिनिटं मागून घ्या, कागदावर क्यूआर कोड छापून न्या, समोर उभे राहून सांगा. क्यूआर कागदावरच, बरं का, व्हॉट्सॲपवर क्यूआरचा फोटो पाठवला तर त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार, तिथे लिंकच द्या. खानावळ, लायब्ररी, झेरॉक्सचं दुकान, विचारलं की लावू देतात.

बाहेरगावचे लोक: लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाखाली गावोगावची मंडळं आहेत, आखातात आहेत. त्यांच्या ग्रुपमध्ये ओळख नसताना लिंक टाकू नका. कमिटीतल्या कुणाला तरी आधी लिहा, आपण कोण, फिल्म कशावर आहे, सबटायटल आहेत. आम्हाला एका मंडळाकडून उत्तर आलं की आधी आम्ही बघतो, आणि मग त्यांनीच त्यांच्या लोकांना पाठवली. फक्त परदेशी नंबरवर ओटीपी जातो का ते आधी बघा, नाहीतर त्यांचा विरस होतो.

इन्स्टाग्रामवर पैसे टाकून पोस्ट बूस्ट करायची का? नियमात बसत असलं तरी मी म्हणेन नको. त्याने बघणारे वाढतात पण लॉगिन करून मत देण्याएवढी आच अनोळखी माणसाला नसते. तेवढ्या पैशात कागद छापा आणि एसटीने त्या वाडीवर परत जाऊन या.

शेवटचे दोन दिवस शीट उघडून ज्यांच्यापुढे "मत दिलं का" रिकामं आहे फक्त त्यांनाच फोन करा. दिलेल्यांना परत त्रास नको.

पायरी ८: मतं विकणारे येतील, त्यांना नाही म्हणा

पाचव्या सहाव्या दिवशी मेसेज येतो, हजार मतं इतक्या रुपयांत. किंवा व्होट एक्स्चेंजचा ग्रुप, तू मला दे मी तुला देतो. किंवा टीममधलाच कुणी हुशार म्हणतो जीमेलच्या पत्त्यात टिंबं इकडे तिकडे टाकून शंभर मतं काढतो. जीमेल टिंबं धरतच नाही, ते आयोजकांनाही माहीत असतं, टिंबं काढून बघितलं की सगळे पत्ते एकच निघतात. रात्री तीन वाजता दहा मिनिटांत चारशे मतं आली तर ती आलेखात भिंतीसारखी उभी दिसतात. फिल्म बाद होते, आणि मग ज्या आजींनी घरोघरी फोन दाखवला त्यांना जाऊन काय सांगणार?

दुसऱ्यांनी केलं असं वाटलं तर? रोज रात्री ठरलेल्या वेळी सगळ्या फायनलिस्टच्या आकड्यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख वेळ दिसेल असा. शंका आली तर सोशल मीडियावर आरोप करू नका, आयोजकांना स्क्रीनशॉट जोडून एक मेल करा, आकडे लिहा, बस. कधी कधी साफसफाईत तुमचीही मतं कमी होतात, तेव्हा हेच स्क्रीनशॉट कामाला येतात. आमची एका रात्रीत ३० मतं कमी झाली होती, विचारल्यावर कळलं एकाच वायफायवरची होती, पायरी चार मध्ये लिहिलंय ते त्यावरूनच.

बाकीच्या फायनलिस्टच्या फिल्म्स बघा आणि आवडली तर त्यांना तसं लिहा. आमच्यासमोर पहिली आलेली फिल्म कोकणातल्या एका होडीवाल्याची होती, मी ती व्होटिंग चालू असतानाच बघून त्यांना मेसेज केला होता. आमच्या पुढच्या फिल्मचा साउंड त्यांच्यातल्याच एका मुलाने केला.

पायरी ९: निकालाच्या रात्री

बक्षीस असेल तर टीमलीडरचं पॅन कार्ड आणि बँकेचे तपशील तयार ठेवा, रोख बक्षिसातून टीडीएस कापला जाऊ शकतो, म्हणून हातात किती येणार ते विचारून घ्या आणि वाटणी कशी ते निकालाच्या आधीच सगळ्यांनी लिहून ठेवा, नंतर ते बोलणं अवघड जातं. फिल्मची मूळ फाइल, सबटायटल, भजनी मंडळाची परवानगी, सगळं दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा.

आणि निकाल काहीही लागो, त्याच रात्री यादीतल्या प्रत्येकाला मेसेज गेला पाहिजे. मत मागायला पाच वेळा फोन केला आणि निकाल मात्र त्यांना दुसऱ्याकडून कळला, असं करू नका. आमचा हा होता: "आपली फिल्म दुसरी आली. तुम्ही बघितलीत, मत दिलंत, पुढे पाठवलीत, आम्ही नऊही जण तुमचे आभारी आहोत. फिल्म इथेच राहणार आहे, लिंक खाली आहे, आता ओटीपी लागत नाही. रविवारी संध्याकाळी सात वाजता वाडीवरच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या पडद्यावर दाखवतोय, यायचं."